तेर्स पुन्हा पहिल्या मण्यापासून

"मॅडम, आल्तारापुढे बसलं की सायबिणीकडे बघून मनात शिवी येते. मी इतकी वाईट आहे का?"

मडगावच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. आल्तार म्हणजे ख्रिस्ती घरातला देव्हारा, सायबीण म्हणजे मारिया माता. कोणाच्या देव्हाऱ्यात शांतादुर्गा असते, कोणाच्या विठोबा. भीती मात्र तीच. हिची गोष्ट तिच्या परवानगीने, ओळख पुसून लिहिते.

माहेर वसईचं, सासर गोव्यातल्या सासष्टीतलं. हॉलमध्ये सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा लाकडी आल्तार: मधे क्रूस, एका बाजूला सायबीण, दुसरीकडे सांत आंतोन, वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिला अबोलीचा हार. संध्याकाळी सगळे मिळून कोकणीत तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. मग ही एकटीच पुन्हा बसे आणि आईने शिकवलेली मराठी प्रार्थना म्हणे.

बाळंतपणानंतर काही महिन्यांनी ते विचार सुरू झाले. सातव्या मण्याला विचार आला की दहा मण्यांचं पूर्ण दशक परत. मग दशक पुरेना, माळ पहिल्यापासून. वीस मिनिटांची प्रार्थना दोन तासांवर गेली, बाळ आत रडत राहायचं. आठवड्यातून दोनदा कन्फेशन, फादरांपुढे पापांची कबुली. शेवटी "धूळ बसते" म्हणून तिने आल्ताराची दारंच लावून घेतली, तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं.

मी विचारलं, "हे विचार तुला हवे असतात?"

"नाही हो!" ती रडायलाच लागली.

त्या रडण्यातच माझं निम्मं निदान होतं. नको असलेले, ओंगळ विचार बहुतेक माणसांना येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ सालीच ते दाखवलं. बाकीचे ते सोडून देतात. पण जिला सायबीण प्राणाइतकी जवळची, ती घाबरते, विचार पुसायला धावते, आणि पुसण्याच्या त्या खटपटीनेच तो पुन्हा येतो. आपण मराठीत याला मंत्रचळ म्हणतो. हा आजार आहे, पाप नव्हे. बाळंतपणानंतर तो डोकं वर काढू शकतो, म्हणून तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. त्यात कमीपणा कसला?

तिला मी इग्नेशियस लोयोलांबद्दल सांगितलं. गोंयच्या सायबाचे, फ्रान्सिस झेवियरांचे ते सोबती. १५२२ साली स्पेनमधल्या मनरेसात त्यांनाही असंच झालं होतं. तीच जुनी पापं पुन्हा पुन्हा कबूल करत, तरी चैन नाही. शेवटी त्यांनी ठरवलं, मागचं आता कबूल करायचं नाही. ती ताठ बसली. "संतांना पण?"

मूर्ती बाटली असेल, ही तिची दुसरी धास्ती. ते उत्तर माझं नव्हे, फादरांचं. ७८७ सालच्या निसिया परिषदेपासून चर्चची शिकवण आहे की प्रतिमेला दिलेला मान जिची ती प्रतिमा, तिच्यापर्यंत जातो. मनात आपोआप उठलेला शब्द तसा कुठे पोचत नाही, एवढं ते बोलले, आणि या विचारांचं कन्फेशन पुन्हा करायचं नाही म्हणाले. एकदाच सांगा, अशी मी त्यांना विनंती केली होती. रोज मिळणारा दिलासाही माळेचा आणखी एक मणीच होतो. म्हणून रात्री तिचा "ठीक आहे ना?" असा मेसेज आला की मी उत्तर देत नसे. ते मला जड जायचं.

नियम एकच ठेवला. विचार आला तरी बोट पुढच्या मण्यावर. मागे जायचं नाही, माफी मागायची नाही, छाती धडधडू द्यायची. आल्ताराची दारं उघडी. पहिला आठवडा भयंकर गेला. तिसऱ्या आठवड्यात प्रार्थना चाळीस मिनिटांवर आली.

मग वाड्यावर घरोघर फिरणारी सायबिणीची मूर्ती त्यांच्या घरी येण्याची पाळी आली. ती म्हणाली, मी माहेरी जाते. मी म्हटलं, "थांब. मेणबत्ती तूच लाव."

दुसऱ्या दिवशी फोन आला. घर शेजाऱ्यांनी भरलेलं, आणि तिसऱ्या दशकात तो विचार आलाच.

"मग?"

"चौथं दशक म्हटलं, मॅडम. नंतर सगळ्यांना चणे वाटले."