श्टुटगार्टला निघताय? आधी पत्ता, मग कुकर

तुम्ही विचारलंय की नवऱ्याला जर्मनीत श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, तो पुढे जाईल, आणि तुम्ही पाच वर्षांच्या मुलीला घेऊन, घोडबंदर रोडचा फ्लॅट आवरून मागाहून येणार. तर सामानात काय काय घ्यावं? मी ठाण्याच्या नौपाड्यातून निघालो तेव्हा माझ्याकडेही सामानाचीच यादी होती, तीन पानी. त्यातलं निम्मं उगाच वाहून आणलं. खरं अडलं ते पत्त्यापाशी.

इथे घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला म्हणतात आनमेल्डुंग. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, 'हे माझ्याकडे राहायला आलेत' असं घरमालकाने सही करून दिलेलं लागतं. नोंदणी झाली की कर क्रमांक पोस्टाने येतो. पगार, बँक, मुलीची बालवाडी, सगळ्यांना आधी नोंदवलेला पत्ता हवा. म्हणून नवऱ्याला सांगा, पहिल्या महिन्यासाठी खोली घेतानाच विचार: इथे नोंदणी करता येईल ना? स्वस्तातले बरेच जण नाही म्हणतात, आणि ते पैसे दिल्यावर कळतं.

आता माझी फजिती. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच. रस्ता, इमारतीचा नंबर आणि टपालपेटीवरचं नाव, बस. ठाण्यात आमच्या पोस्टमनला आडनाव पुरायचं, आणि आम्ही नसलो तर वॉचमन पत्र ठेवून घ्यायचा. त्या सवयीने मी पेटीवरचं जुन्या भाडेकरूचं नाव तसंच राहू दिलं. कर क्रमांकाचं पत्र आलं तसं परत गेलं. क्रमांक नाही म्हणून पहिल्या पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात चढा, कर कापला गेला. पुढे पैसे परत मिळाले, पण तो महिना खिचडीवर काढला. किल्ली हातात पडली की त्याच संध्याकाळी पेटीवर आणि बेलवर नाव चिकटवा.

कायमचं घर शोधताना भाड्याचे दोन आकडे दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसतं घर, वार्ममीटे म्हणजे हीटिंग वगैरे धरून. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं. आणि फोटोत स्वयंपाकघर नीट बघा, कारण बऱ्याच घरांत तिथे भिंती आणि पाण्याचे पाइप एवढंच असतं. सिंक, कपाटं, शेगडी आपण आणायची. शिवाय या भागाची खासियत म्हणजे केरवोखे. दाराला पाटी अडकवलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची. (शब्दात आपला केर आहे, लक्षात राहतो.)

बॅगेचं थोडक्यात: मिक्सर आणा, वीज इथेही २३० व्होल्टचीच, तीन पिनांच्या प्लगला अॅडॅप्टर मात्र लागेल. कुकर इंडक्शनवर चालणारा घ्या. गोडा मसाला, मेतकूट खुशाल. साजूक तूप आणि पेढे नकोत, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. हापूसही तिकडेच खाऊन या.

तुम्ही ठाण्यात मागे राहणार आहात, तर एक काम तुमचंच. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे का ते आजच बघा. आपल्याकडे बाळाचं नाव ठेवायच्या आधी काढलेला, नाव नसलेला दाखला कित्येकांच्या फायलीत पडून असतो. बँकेत कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या. फ्लॅट भाड्याने दिलात तर मालक अनिवासी म्हणून भाडेकरूला ३० टक्क्यांहून जास्त टीडीएस कापावा लागतो, हे त्याला आधीच सांगा. नाहीतर वर्षाने वाद. आणि सिमकार्ड बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि नंबर गेला की तो बदलायला ठाण्यालाच जावं लागतं, असं माझ्या बाबतीत तरी झालं.

हो, लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. मग पेटीवर दोन्ही आडनावं लावायला नवऱ्याला आत्ताच सांगून ठेवा.