लहान मुलांबरोबर थंडीतल्या सणांसाठी भिंतीवरची सजावट काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलं 3 आणि 6 वर्षांची आहेत, घर भाड्याचं आहे, नाताळपासून संक्रांतीपर्यंत एक भिंत सजवायची आहे आणि नेटवर शोधलं की फक्त बर्फाचे तारे नि पाइनची झाडं समोर येतात. मी बडोद्यात बालवर्गाला शिकवते, त्यामुळे दर डिसेंबरात हा प्रश्न माझ्याही पुढ्यात असतो. माझं उत्तर आहे पतंग. बर्फाचा तारासुद्धा करा, पण तोही पतंगाच्या कागदाचा.

कागदापासून सुरुवात करते, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. स्टेशनरीच्या दुकानात ‘क्राफ्ट’ म्हणून मिळणारा जाड कागद लहान मुलांच्या कामाचा नाही. बोथट टोकाच्या कात्रीने तो कापला जात नाही, घडी घातली की फुगतो, आणि दुसऱ्या मिनिटाला कात्री आईच्या हातात येते. पतंगाचा कागद पातळ, हलका, थोडा पारदर्शक. खिडकीजवळ लावला की ऊन त्यातून आरपार येतं. आमच्याकडे डिसेंबरात गेंडीगेटला पतंगांचा बाजार भरायला लागतो. तिथे छोटे पतंग कोडीने, म्हणजे 20 नगांनी, मिळतात. कागदाचे सुटे ताव मिळाले तर उत्तम, नाहीतर एक कोडी आणायची आणि काड्या सोडवून कागद वापरायचा. काड्याही टाकू नका.

चिकटवायला खळ करा. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आंचेवर ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची. पूर्वी बुकबाइंडर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत अजिबात घालू नका. बिनमोरचुदाची खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, तेवढी पुरते. बोटाने लावायची, ब्रश नको. तीन वर्षांच्या मुलाला खळीत बोटं घालायला मिळणं हाच कार्यक्रमाचा मोठा भाग असतो.

आता कामाची वाटणी. तुमच्या प्रश्नात ‘धाकटीला शेवटी टिकल्या चिकटवायला देऊ का’ असं आहे. नका देऊ. सगळं मोठ्यांनी करायचं आणि धाकट्यांना शेवटी टिकली द्यायची, हे त्यांना बरोबर कळतं, आणि मग त्या टिकल्या सोफ्यावर सापडतात. तीन वर्षांच्या मुलाला फाडता येतं, चुरगाळता येतं, बोटाने दाबता येतं. तेव्हा फाडकाम तिचं. रंगीत कागदाचे तुकडे फाडून ते एका मोठ्या, हातभर लांबरुंद चौकोनावर दाटीने चिकटवायचे. हाच भिंतीवरचा मुख्य पतंग. कडा वेड्यावाकड्या होतील, तशाच राहू द्या. रात्री मुलं झोपल्यावर त्या ‘नीट’ करणारे पालक मला माहीत आहेत, सकाळी मुलाला ते लगेच ओळखू येतं.

सहा वर्षांच्या मुलाला छोटे पतंग जमतात. साधारण 15 सेंटिमीटरचा चौकोन टोकावर उभा धरायचा. खराट्याचा एक हीर वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरळ ठेवायचा आणि कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवायचा. दुसरा हीर कमानीसाठी. तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या अंतरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब हवा, तरच वाक येतो. कोरडा हीर मोडतो, म्हणून अर्धा तास पाण्यात ठेवा. कमान वाकवून धरायला मोठ्यांचा हात लागतो, पट्टी मुलाला लावू द्या. शेपटीला दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या वापरा. माळ्यावर जुना कंदील असणारच.

नाताळचा तारा हवा असेल तर तो सहा हातांचाच करा. बर्फाचे स्फटिक षट्कोनी घडणीचे असतात, म्हणून हिमकणाला सहा हात. कागद नुसता अर्धा-अर्धा करत गेलं की चार किंवा आठ हात येतात. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजूच्या मध्यावरून त्याचे तीन सारखे भाग एकावर एक दुमडा, मग पुन्हा अर्धी घडी. आता 12 थर झाले. पतंगाच्या कागदाचे 12 थर सहा वर्षांच्या मुलाच्या कात्रीने आरामात कापले जातात, क्राफ्टच्या कागदाचे तुमच्या-माझ्या कात्रीनेही नाही. वरची निघालेली शिंगं छाटायची आणि दोन्ही बाजूंना खाचा घालायच्या. उलगडायचं काम धाकटीला द्या, सगळ्यात जास्त आरडाओरडा तिथेच होतो.

भेंडीचे ठसेही दोन्ही मुलांना जमतात. आडवी कापलेली भेंडी पोस्टर रंगात बुडवून दाबली की पाच पाकळ्या उमटतात. नाताळात चांदणी म्हणायचं, संक्रांतीला फूल.

नाताळ उतरला की काळं कार्डशीट काढा. संक्रांतीला आपण काळं नेसतो, कारण काळा रंग ऊन धरून ठेवतो, आणि त्यावर पांढरा हलवा खुलतो. तोच थाट भिंतीवर आणायचा. कापसाची कानकाडी पांढऱ्या रंगात बुडवायची आणि काळ्यावर ठिपके देत जायचे. हार, बाजूबंद, मुकुट, काय हवं ते. मोठा आकार पेन्सिलीने तुम्ही काढा, हलवा मुलांचा. खरा हलवा भिंतीवर लावू नका, मुंग्या येतात. यंदा धाकटीचं बोरन्हाण करणार असाल तर हेच कार्डशीट पाटामागे लावा. बाजारातल्या छापील पडद्याची गरज नाही.

एक बडोदेकरांसाठी. मुलांना एकदा रावपुऱ्याजवळच्या तांबेकर वाड्यातली भित्तिचित्रं दाखवून आणा, आणि जमलं तर कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी काढलेलीही. भिंतभर चित्र काढतात हे एकदा पाहिलं की मुलं कागदावर मोठं काढायला लागतात, हा माझा अनुभव आहे. त्याआधी सगळं कोपऱ्यात, चिमणीएवढं.

लटकवायला मांजा घेऊ नका, उरलेला तर मुळीच नको. त्याला काचेची पूड असते आणि बोट चिरतं. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली आहे. शिवणाचा साधा दोरा पुरे. उतराणीनंतर, म्हणजे गुजरातेतल्या संक्रांतीनंतर, मुलं गच्चीवरून कटलेले पतंग गोळा करून आणतील, तेही भिंतीवर चालतील, पण आधी त्यांचा दोरा तुम्ही स्वतः कापून केराच्या टोपलीत टाका. बाहेर पडलेल्या गुंत्यात पक्षी अडकतात.

आता घरमालक. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप थेट डिस्टेंपरवर लावलीत तर काढताना रंगाचा पापुद्रा निघेल. आधी भिंतीवर मास्किंग टेप लावा आणि तिच्यावर ही टेप. त्याहून सोपं म्हणजे खिडकीच्या गजापासून पडद्याच्या दांडीपर्यंत सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी सगळं अडकवणं. नाताळचं काढून संक्रांतीचं लावायला पाच मिनिटं लागतात. थंडीत पंखा बंद असतो म्हणून एवढा हलका कागद टिकतो. सुतळी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बांधा. मोठ्यांच्या उंचीवर बांधली तर मुलं खुर्ची ओढून चढतील. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, तोवर सजावट ठेवायला हरकत नाही. मास्किंग टेप मात्र फार दिवस ठेवू नका, जुनी झाली की तिचा गोंद भिंतीवर राहतो. काढताना हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि भिंतीला समांतर, सावकाश ओढा.