मत जमिनीला पडतं, चित्राला नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. शाळेच्या रस्त्यालगतची रहिवासी जागा वाणिज्य झोनमध्ये घेण्याचा विषय नगरपरिषदेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे येतोय, नगरसेविका म्हणून बाजूनं बोलू की विरोधात, असं तू विचारलंस. ते तुझं तूच ठरवायचं आहे. कसं ठरवायचं, तेवढं लिहून पाठवत आहे.

आधी एक गोष्ट मनात पक्की कर. सभागृहात पडद्यावर जे संकल्पचित्र दाखवतात, त्यातली काचेची दर्शनी बाजू, कुंड्या आणि बाकावर टेकलेली माणसं ठरावात कुठेच नसतात. ठरावात असतो सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि ‘रहिवास विभागातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट’ एवढी ओळ. शासनाची मंजुरी आली की त्या विभागात नियमावलीला चालणारा प्रत्येक वापर त्या जमिनीवर चालतो. आज दवाखाना आणि पुस्तकाचं दुकान काढणार म्हणणारा मालक उद्या जागा विकेल, आणि घेणारा तिथं काय थाटेल ते तुझ्या हातात राहणार नाही. तुझं मत त्या जमिनीला पडतं, म्हणून चित्र बाजूला ठेवून नगररचना विभागाला लेखी विचार: या विभागात, या रुंदीच्या रस्त्यावर, सगळ्यात जास्त गर्दी खेचणारा कोणता वापर बसतो? त्याला धरून पुढचा सगळा हिशोब कर.

कायद्याची वाट थोडक्यात सांगते ती अशी. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्यात, किरकोळ फेरबदल करता येतो, पण योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. सभेचा ठराव, राजपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. त्यानंतर बांधकाम परवानगी मुख्याधिकारी देतात. तिथं नगरसेवकाचं मत विचारत नाहीत. म्हणजे तुला बोलायची जागा झोन बदलाच्याच टप्प्यावर आहे. डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत रस्त्याच्या रुंदीप्रमाणे रहिवास विभागातही बरीच दुकानं नियमानंच चालतात. तेव्हा आधी बघ, मालकाला जे करायचंय ते झोन न बदलता होतं का? होत असेल, तर झोन बदलून जास्तीचं काय हवंय, हे त्याच्याकडून लेखी घे. बऱ्याच वेळा खरा मुद्दा इथेच उघडा पडतो.

आता रस्त्यावर चल. तीस मीटरचा टेप, चार कॉलेजची मुलं आणि आठ रकान्यांचा कागद एवढं पुरेल. तीन दिवस मोजा: एक साधा वार, एक आठवडे बाजाराचा दिवस आणि एक दाट लग्नतिथीचा दिवस. सकाळी 7.30 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 9, दर पंधरा मिनिटांचा आकडा वेगळा लिहा. दिवसभराची बेरीज काही कामाची नाही. रस्ता तुंबतो तो पाव-अर्ध्या तासात. दोन्ही दिशांच्या गाड्या मोजा, आणि मोजणारा एका जागेवरून हलू नये, नाहीतर त्याच रिक्षा दोनदा येतात.

नुसती संख्या मोजून भागत नाही, कारण एसटी आणि स्कूटी सारखी जागा खात नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 106 या 1990 च्या मार्गदर्शिकेत मोटार 1 धरून बाकीच्यांची एककं दिली आहेत. वाहतुकीत दुचाकी दहा टक्क्यांच्या वर असतील तर 0.75, रिक्षा दहा टक्के असतील तर 2. छोटा टेम्पो आणि बस-ट्रक पाच टक्क्यांच्या आत असतील तर अनुक्रमे 1.4 आणि 2.2. नमुना म्हणून धर, पंधरा मिनिटांत 170 दुचाकी, 24 रिक्षा, 36 मोटारी, 6 टेम्पो आणि 4 बस-ट्रक गेले. हिशोब 127.5, 48, 36, 8.4 आणि 8.8, म्हणजे जवळपास 229. चौपट केलं की तासाला सुमारे 915. याच मार्गदर्शिकेत दोन पदरी, दुतर्फा वाहतुकीच्या, कडेला गाड्या उभ्या राहतात आणि घराघरांतून वाटा निघतात अशा रस्त्याला तासाला 900 एककं धरली आहेत. म्हणजे त्या पंधरा मिनिटांपुरता रस्ता आजच भरलेला आहे. शिवाय हे 900 सात-साडेसात मीटर डांबराला आहेत. तुमचा रस्ता कागदावर 9 मीटरचा असेल, पण टेप लावलास तर दोन्ही गटारं आणि फूटपाथ वजा जाता सहा मीटरही उरणार नाही.

हा टेप लावताना बांधकाम समितीच्या सभापतींना सोबत ने. शाळा सुटायच्या वेळी कडेला एक मोटार उभी असेल, तिच्या बाहेरच्या आरशापासून समोरच्या फूटपाथपर्यंत टेप ताणून धरा. फूटपाथ आणि गटार वगळून सहा मीटर असेल, तर साडेतीन मीटर भरेल. बस अडीच मीटरची. समोरून टेम्पो आला की दोघांपैकी एकानं मागं जायचं, आणि मागं मुलांच्या सायकली. हे अंतर त्यांनी एकदा डोळ्यांनी बघितलं की सभेत निम्मी चर्चा करावी लागत नाही.

नवीन व्यापारी संकुलाची भर किती पडेल, याचा अंदाज मालकाच्या सल्लागाराच्या अहवालातून उचलू नकोस. तुमच्याच गावातलं किंवा शेजारच्या तालुक्याच्या ठिकाणचं चालू संकुल शोध आणि संध्याकाळी एक तास तिथं मोजायला माणूस बसव. समजा 800 चौ. मी.च्या गाळ्यांपुढे तासाभरात 120 दुचाकी आणि 20 मोटारी येऊन थांबल्या. तुमच्याकडे 2,000 चौ. मी. होणार असेल तर अडीचपट धर: 300 दुचाकी, 50 मोटारी. एककांत 275, आणि आलेली गाडी परतही जाते म्हणून 550. सल्लागार म्हणेल, यातल्या काही गाड्या आजही त्याच रस्त्यानं जातात. बरोबर आहे. किती जातात ते त्यानं मोजून दाखवावं, तेवढ्या वजा कर.

पार्किंगचाही असाच हिशोब लाव. तासाला 50 मोटारी आणि प्रत्येकीचा मुक्काम पाऊण तास, म्हणजे एका वेळी 38 उभ्या असणार. 300 दुचाकी अर्धा-अर्धा तास, म्हणजे 150. मोटारीला उभं राहायला 2.5 बाय 5 मीटर लागतात, वळायची वाट धरली की स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखाली खांबांमधल्या मोकळ्या जागेत, सुमारे 28 चौ. मी. दुचाकीला वाटेसकट तीन धर. बेरीज दीड हजार चौ. मी.च्या वर जाते. आता नकाशात पार्किंग कुठे दाखवलंय ते बघ. नियमावलीतला आकडा हा किमान असतो, गरजेचा नसतो, आणि ‘नियमात बसतं’ एवढं ऐकून गप्प बसू नये. तळघरातलं पार्किंग असेल तर उताराची सुरुवात प्लॉटच्या आत हवी आणि बाहेर पडण्याआधी एक गाडी मावेल एवढा सपाट भाग हवा. नाहीतर चढावरून येणाऱ्या चालकाला फूटपाथवरचं पोर दिसत नाही. यांत्रिक पार्किंग असेल तर वीज गेल्यावर काय, हे विचार. आणि तळघराला शटर लागलं की दोन वर्षांत त्याचं गोदाम होतं, हे गावोगाव दिसतं. अट घाल: पार्किंगला शटर, जाळी, भिंत चालणार नाही.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते माल उतरवणं. किराणा, फर्निचर, टाइल्स, कोल्ड्रिंकच्या पेट्या, सगळं रोज येणार. प्लॉटच्या आत टेम्पोला उभं राहायला जागा नसेल तर तो शाळेसमोर उभा राहील आणि हमाल तिथूनच खेपा घालतील. आत एक माल चढउतार जागा आणि शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळा वगळून वाहनं, एवढी अट लिहूनच घे. वाहनांचं फाटक चौकाच्या कोपऱ्यापासून जितकं लांब नेता येईल तितकं ने. समोरच्या सामासिक अंतरात, म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांमध्ये मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड येणार नाही, हेही लिही, कारण दुकानदार पहिल्या पावसाळ्यात पत्रा टाकतो, पुढच्या दिवाळीत त्याखाली माल मांडतो, आणि गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर येते.

करवसुलीचा आकडा तुझ्यापुढे ठेवतील. आकडा खरा असतो. फक्त विचार, कर कोणत्या वर्षापासून सुरू होणार आणि ड्रेनेज, कचरा, चौकाची दुरुस्ती यांचा खर्च त्यातून वजा केला का. गावाला दुकानं लागतात, पोरांना गावातच रोजगार लागतो. व्यापार म्हटला की नाक मुरडणाऱ्यांच्या टोळक्यात तू जाऊ नयेस.

आता गावपणाबद्दल, कारण हरकतींत हा शब्द सगळ्यात जास्त वेळा येईल आणि सगळ्यात कमी टिकेल. नुसतं ‘गावाचं रूप बिघडेल’ लिहिलं तर शासनाकडचा अधिकारी ते बाजूला सारतो. म्हणून त्याचे मोजता येतील असे तुकडे कर. आळीतल्या घरांची वळचण जमिनीपासून किती उंच? ओटे रस्त्याला किती फूट आत? पालखी आणि गणपतीची मिरवणूक याच वाटेनं जाते का, आणि मूर्तीला वर किती उंची लागते? वडाचा पार प्लॉटच्या कोणत्या बाजूला? झाड पन्नास वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर 2021 च्या दुरुस्तीनंतर ते कायद्यानं वारसा वृक्ष ठरतं. शाळेच्या भोवती 100 मीटर शांतता क्षेत्र म्हणून शासनानं घोषित केलंय का? केलं असेल, तर डीजे लावणारं मंगल कार्यालय तिथं कसं बसणार? संध्याकाळी सात ते नऊ हा रस्ता कोण वापरतं, तेही लिहून काढ: शतपावलीला निघालेली म्हातारी माणसं, क्लासहून परतणाऱ्या मुली, भाजीच्या चार पाट्या. भाजीवाल्यांचा प्रश्न पथविक्रेता अधिनियम, 2014 खालच्या नगर पथविक्रेता समितीकडे पाठव; संकुलासाठी त्यांना परस्पर उठवता येत नाही.

पण गावपणाच्या नावाखाली दुसरंच काही येतंय का, यावर लक्ष ठेव. ‘असले लोक येतील’, ‘मटणाची दुकानं होतील’, ‘बाहेरचे भाडेकरू शिरतील’ अशा हरकती आल्या तर त्यांना तुझा आवाज देऊ नकोस. वाहन, वेळ, उंची, आवाज यांवर बोल. कोण विकतं आणि कोण घेतं, यावर नगरपरिषदेनं बोलायचं नाही.

हरकती आल्या की प्रत्येक कागद स्वतः वाच, घरातल्या कुणाकडे वाचायला देऊ नकोस. एकच मजकूर छापून शंभर सह्या आल्या तर मुद्दा एक धर, पण फेकू नकोस. उत्तर प्रत्येक मुद्द्याला हवं. भाग नकाशा, म्हणजे त्या जागेपुरता विकास योजनेचा नकाशा, प्रभागात, देवळाच्या किंवा वाचनालयाच्या फळ्यावर, सुनावणीआधीच लागू दे. गोव्यात प्रादेशिक आराखडा 2011 विरुद्ध लोक रस्त्यावर आले ते नकाशात आपल्या गावच्या जमिनींना कोणता रंग दिलाय हे बघून, आणि 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागं घ्यावा लागला. नकाशा दडवून सोय होत नाही. त्या जागेच्या आसपास तुझ्या सासर-माहेरची जमीन असेल तर ते आधीच सांग आणि त्या विषयावर मत देऊ नकोस.

सभेत विषय विषयपत्रिकेवर आहे का ते बघ. आयत्या वेळच्या विषयांत टाकला तर लेखी हरकत घे. झोन बदल हा आयत्या वेळी उरकायचा विषय नाही. तोंडी आश्वासनाला किंमत शून्य. अटी ठरावाच्या मजकुरातच यायला हव्यात, आणि अशा की कुणालाही तपासता येतील. ‘वाहतुकीस अडथळा होणार नाही याची दक्षता घ्यावी’ ही अट तपासता येत नाही. ‘वाहनांचं प्रवेशद्वार मागच्या रस्त्यानेच असेल, भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी समोर 1.8 मीटर रुंद सलग फूटपाथ पूर्ण केलेला असेल’ ही तपासता येते; भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे बांधलेली इमारत वापरायची परवानगी. ठरलेल्या मुदतीत बांधकाम सुरू झालं नाही तर जागा पुन्हा रहिवास विभागात धरावी, अशी शिफारसही त्यात घालायला सांग. विरोध असेल तर कारणं कागदावर लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे दे आणि पोच घे. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तुझा शब्द तसाच उतरलाय का ते वाच. ‘एकमताने मंजूर’ असं चुकून लिहिलेलं तिथेच दुरुस्त होतं, नंतर नाही. जिल्हाधिकाऱ्यांना महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली ठरावाला स्थगिती देता येते. तेव्हा ठराव बाजूचा असो की विरोधाचा, त्यात कारणं हवीत.

आणि मंजुरीनंतरची देखरेख कुणाकडे, हे त्याच ठरावात ठरवून घे. दिल्लीत रहिवासी वस्त्यांतल्या दुकानांकडे वर्षानुवर्षं काणाडोळा झाला. फेब्रुवारी 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती सील करायला सांगितली, व्यापारी रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी दोन हजारांहून जास्त रस्ते दुकानांसाठी अधिकृत करावे लागले. ज्यांनी नियम पाळून घर राखलं होतं, त्यांच्या पदरी काहीच पडलं नाही. म्हणून भोगवटा प्रमाणपत्रानंतर तीन महिन्यांनी आणि एक वर्षानं जागेची पाहणी, अहवाल सभेपुढे, असं लिहून घे.

गाड्या मोजायचा कागद सोबत जोडला आहे. पायी जाणाऱ्यांचा रकाना बहुतेक तक्त्यांत शेवटी असतो आणि घाईत रिकामा राहतो, म्हणून इथं तो पहिला ठेवला आहे. सोमवारी साडेसातला शाळेच्या फाटकाशी उभी राहा. मुलं गटाराच्या फरशीवरून चालतात की डांबरावर उतरतात, तेही त्याच रकान्यात लिही.

कळावे.