डोरो वट रश्श्यासारखं लागतंय? बर्बेरे वाढवण्याआधी कांदा बघा

तुम्ही बर्बेरेचं, म्हणजे इथिओपियाच्या मिरचीच्या मिश्र मसाल्याचं, पाकीट आणलंत, जिरं-मोहरीची फोडणी देऊन, टोमॅटो घालून डोरो वट (तिथलं कोंबडीचं दाट कालवण; वट म्हणजे कालवण) केलंत आणि ते आपल्या कोंबडीच्या रश्श्यासारखं झालं. आता बर्बेरे दुप्पट घालू का, असं विचारताय. कृपा करून घालू नका, नुसतं जहाल होईल. इथिओपियाच्या या पदार्थाची चव कांदा आणि लोणी कसं शिजवलंय त्यावर उभी असते.

किलोभर कोंबडीला जवळजवळ किलोभरच लाल कांदा घ्या आणि अगदी बारीक चिरा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलातुपाचा थेंबही न घालता मंद आचेवर ठेवा. आधी कांद्याला पाणी सुटेल, ते आटलं की तो बुडाला धरायला लागेल. मग थोडं गरम पाणी शिंपडायचं, बूड खरवडायचं, पुन्हा परतायचं. पाऊण तास तरी हेच करत राहा. फोडी दिसेनाशा होऊन गडद, गोडसर लगदा झाला पाहिजे. वटाचा दाटपणा यातूनच येतो, कारण त्यात खोबरं नाही, वाटण नाही, पीठ नाही. तेलात भरभर परतलेला कांदा तांबूस होतो, पण असा विरघळत नाही. टोमॅटो आणि फोडणी तर काढूनच टाका.

आता निटर किब्बे, म्हणजे तिथलं मसाल्याचं तूप. बिनमिठाचं लोणी आलं, लसूण, कांदा, मेथी, हळद आणि कोरारिमा (इथिओपियातली वेलची) घालून मंद कढवायचं आणि गाळून घ्यायचं. तिथे बेसोबेला आणि कोसेरेट या सुगंधी वनस्पतीही घालतात. त्या मिळाल्या नाहीत तर त्यांच्याशिवाय करा, तरी साध्या तुपापेक्षा कितीतरी छान लागतं. कोरारिमाऐवजी हिरवी वेलची चालेल. मसाला वेलचीने धुराचा वास पुढे येतो.

कांद्यात हे किब्बे चार-पाच चमचे घाला, मग तीन-चार चमचे बर्बेरे. पंधरा-वीस मिनिटं, मधूनमधून पाण्याचा हबका मारत शिजवा. मिरचीचा कच्चा उग्रपणा गेला आणि कडेला लाल तवंग दिसला की आलं-लसूण, मग लिंबू-मीठ लावून धुतलेली कोंबडी. उकडलेली अंडी शेवटी, बाहेरून चिरा देऊन.

तुमच्या पाकिटातला बर्बेरेही एकदा हुंगून बघा. त्यात मिरचीसोबत ओवा, कलौंजी, मेथी यांचा वास आला पाहिजे. नुसता मिरचीचाच येत असेल तर दुसरीकडून घ्या. मितमिता म्हणून आणखी एक मसाला विकतात, तो याच्या जागी वापरू नका. तो फार तिखट असतो आणि मुख्यतः कितफोसारख्या कच्च्या मांसाच्या पदार्थासाठी असतो.

कोंबडीच्या आधी मसुराचं वट करून हात बसवा, असं मी सगळ्यांना सांगते. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरआधीच्या 55 दिवसांच्या उपासात मांस आणि दूधदुभतं वर्ज्य करतात. त्यामुळे तेलातली वटंही तिथे तितक्याच निगुतीने होतात. पाव किलो मसूर डाळीला अर्धा किलो कांदा आणि दोन चमचे बर्बेरे पुरे. कृती हीच, फक्त किब्बेऐवजी तेल.