एक स्प्रिंग बदलायची, दोन्ही बदलायच्या, की दरवाजाच नवा घ्यायचा?

तुमच्या पत्राचा सारांश असा: दोन गाड्यांच्या गॅरेजचा, वर सरकणारा, सात फूट उंच लोखंडी दरवाजा. वय सहा वर्षं, दिवसाला सरासरी पाच वेळा उघड-मीट. वरच्या शाफ्टवरच्या दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली. तुमच्या रकमा जरा बाजूला ठेवू आणि पहिल्या पर्यायाला १०० धरू. मग तुमच्या हातातले आकडे असे दिसतात: फक्त तुटलेली स्प्रिंग बदलणं १००, दोन्ही साध्या नव्या १३५, दोन्ही २५,००० फेऱ्यांच्या १८५, मोटरसकट नवा दरवाजा हप्त्यांवर ११००. शिवाय स्प्रिंगा मागवून घरीच बसवल्या तर ४५, हा तुमचा स्वतःचा हिशेब. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की तीन-चार वर्षांत घर विकायचं की नाही, हे ‘फिफ्टी-फिफ्टी’ आहे. अर्धा निर्णय या एका वाक्यात आहे.

आधी एक शंका दूर करू. स्प्रिंग अकाली गेलेली नाही. साध्या टॉर्शन स्प्रिंगचं, म्हणजे पीळ देऊन जोर साठवणाऱ्या स्प्रिंगचं, आयुष्य वर्षांत नाही, फेऱ्यांत मोजतात, आणि ते साधारण १०,००० फेऱ्या असतं. एकदा उघडून एकदा मिटला की एक फेरी. दिवसाला पाच म्हणजे वर्षाला १,८२५, सहा वर्षांत जवळपास ११,०००. म्हणजे तिने ठरलेलं काम पुरं केलं. आणि शाफ्टवर शेजारी बसलेल्या दुसऱ्या स्प्रिंगनेही तेवढ्याच फेऱ्या मारल्या आहेत.

म्हणूनच १००चा पर्याय स्वस्त दिसतो, पण मेकॅनिककडून स्प्रिंग बदलून घ्यायच्या पर्यायांत तोच सगळ्यांत महाग आहे. बिलात स्प्रिंगपेक्षा माणसाची खेप आणि मजुरी मोठी असते. एक स्प्रिंग बदलतानाही दुसरी बहुतेक वेळा सैल करावी लागते, दरवाजा उचलणाऱ्या केबल त्यांच्या ड्रमवर पुन्हा बसवाव्या लागतात, तोल पुन्हा साधावा लागतो. हे सगळं आता १००मध्ये करायचं आणि दुसरी तुटली की परत १०० मोजायचे. दर साडेपाच वर्षांना २००, म्हणजे वर्षाला ३६. दोन्ही साध्या एकदम घातल्या तर १३५ भागिले साडेपाच, वर्षाला साधारण २५. जादा फेऱ्यांची जोडी तुमच्या वापरात १३ वर्षं ८ महिने चालेल, वर्षाला साडेतेरा. पहिला पर्याय यादीतून काढून टाका.

खरा सामना १३५ आणि १८५मध्ये आहे. फरक ५०चा. साडेपाच वर्षांच्या आत घर विकलंत तर हे ५० गेले, कारण घर घेणारा स्प्रिंग बघून किंमत वाढवत नाही. राहिलात तर तेव्हाचे १३५ वाचतात आणि अकराव्या वर्षाच्या सुमाराचे आणखी १३५सुद्धा. फक्त पहिलीच बचत धरली तरी ५० भागिले १३५ म्हणजे सुमारे ३७ टक्के. साडेपाच वर्षांनंतरही तुम्ही त्याच घरात असण्याची शक्यता याहून जास्त वाटत असेल, तर ५० जास्त देणं फायद्याचं. आज दिलेल्या ५०वर मिळालं असतं ते व्याज आणि पुढे वाढणारी मजुरी यांची ढोबळ वजावट होते, त्यात फार खोल जायची गरज नाही. ‘फिफ्टी-फिफ्टी’ खरंच तसं असेल, तर मी १८५कडे झुकेन. बदलीचं पत्र हातात पडल्यासारखंच असेल, तर १३५ पुरे.

मात्र १८५ देताना माल तोच मिळतोय ना, हे बघा. जादा फेऱ्यांची स्प्रिंग म्हणजे तोच दरवाजा तेवढ्याच जोराने उचलणारी, पण जाड तारेची आणि लांब स्प्रिंग. तारेवरचा ताण कमी पडतो, म्हणून ती जास्त टिकते. नुसती तार जाड करून लांबी तेवढीच ठेवली तर जोर वाढतो आणि दरवाजा आपोआप वर पळू लागतो. तपासणी सोपी आहे. स्प्रिंग पिळण्याआधी, वेढे एकमेकांना चिकटलेले असताना, टेपने २० वेढ्यांची लांबी मोजा. ०.२२५ इंची तारेचे २० वेढे साडेचार इंच भरतात, ०.२५० इंची तारेचे पाच इंच. तुटलेल्या स्प्रिंगचंही असंच माप घ्या. दोन्ही मापं आणि लांबी सारखीच आली, तर तुम्हाला साधीच स्प्रिंग जास्त भावात मिळतेय. कोटेशनवर तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि फेऱ्यांची संख्या लिहून मागा. हे लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर दुसरा माणूस बघा. ‘आजीवन वॉरंटी’ लिहिली असेल तर मजुरी तीत येते का, हे विचारा. बऱ्याचदा फक्त सुटा भाग फुकट मिळतो, आणि महाग तर मजुरी असते. घराच्या विम्यावरही भिस्त नको, झीज सहसा त्यात येत नाही.

आता तुमचा ४५चा मनसुबा. सात फुटी दरवाज्याच्या प्रत्येक स्प्रिंगला साधारण साडेसात पूर्ण पीळ द्यावे लागतात, म्हणजे ३० पाव-वळसे. दोन स्प्रिंगांचे ६०. प्रत्येक वळशाला एक सळई स्प्रिंगच्या टोकावरच्या शंकूसारख्या तुकड्याच्या भोकात रुतलेली ठेवून दुसरी घालायची, आणि त्या वेळी सगळा जोर तुमच्या मनगटावर. मोजून बनवलेल्या भरीव पोलादी सळयांऐवजी लोक स्क्रूड्रायव्हर वापरतात. तो भोकात नीट बसत नाही, निसटतो आणि हात किंवा चेहरा फोडतो. १३५च्या तुलनेत ९० वाचवायला हा धोका पत्करू नका. मनगट मोडून महिनाभर कामावर जाता आलं नाही, तर किती बुडेल तो आकडा शेजारी लिहून बघा.

नव्या दरवाज्याचं मी लवकर उरकतो. स्प्रिंग तुटली म्हणून दरवाजा म्हातारा होत नाही. फळ्या वाकल्या असतील, खालचा भाग गंजून खाल्ला गेला असेल, तरच तो विषय काढायचा. आणि गंमत अशी की, वेगळं सांगितलं नाही तर नव्या दरवाज्यासोबतही बहुधा १०,००० फेऱ्यांच्याच स्प्रिंगा येतात. म्हणजे सहा वर्षांनी तुम्ही पुन्हा इथेच, वर हप्त्यांचं व्याज वेगळं.

दुरुस्ती होईपर्यंत मोटरचं बटण दाबू नका. दरवाज्याचं वजन स्प्रिंग पेलते, मोटर फक्त ढकलते. स्प्रिंग नसताना मोटर चालवली तर तिचं प्लास्टिकचं गिअर खरवडून जातं आणि बिलात आणखी एक ओळ वाढते. दरवाजा वर अडकला असेल तर मोटरपासून सोडवायची दोरी अजिबात ओढू नका, सगळं वजन एकदम खाली येईल. मेकॅनिक आलेलाच असताना खालच्या कोपऱ्यातल्या ब्रॅकेटपाशी केबलचे धागे सुटलेत का, हे दाखवून घ्या. सुटले असतील तर याच खेपेत बदला.

आयुष्य वाढवायचा सगळ्यांत स्वस्त उपाय तेलाचा नाही, सवयीचा आहे. पाचपैकी दोन फेऱ्या घरची माणसं नुसती पायी ये-जा करायला वापरत असतील, तर बाजूच्या दाराची किल्ली प्रत्येकाला करून द्या. दिवसाला तीन फेऱ्या झाल्या की साधी जोडीही नऊ वर्षं जाते, आणि मग १३५चा पर्याय बराच वजनदार होतो. पण घरच्यांची सवय खरंच बदलेल याची खात्री असेल, तरच हा हिशेब धरा.

बाकी देखभाल वर्षातून दोनदा, पंधरा मिनिटांची. स्प्रिंगच्या वेढ्यांवर सिलिकॉन किंवा लिथियमचा स्प्रे मारा, गंजामुळे तारेवर बारीक खड्डे पडतात आणि तुटण्याची सुरुवात तिथूनच होते. रोलरच्या बेअरिंगला थेंबभर तेल. ट्रॅक फक्त पुसायचे, ग्रीस लावलं की त्यात धूळ बसते. मग दरवाजा मिटलेला असताना मोटरची दोरी ओढून तो हाताने अर्ध्यावर न्या. तिथेच थांबला तर तोल ठीक. खाली घसरला तर स्प्रिंग सैल पडतेय. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, स्वतः पीळ देऊ नका.

पैशाची सोय म्हणून दरमहा २ बाजूला टाका, वर्षाला २४. तेरा वर्षांत ३१२ होतात. त्यात पुढची १८५ची जोडी बसते आणि केबल-रोलरलाही उरतात. आणीबाणीच्या निधीला यासाठी हात लावू नका. हा खर्च येणार हे ठरलेलं आहे, फक्त तारीख ठरलेली नाही. साधं बचत खातं पुरेल. आत्ताच्या १८५साठीही कर्ज नको. महिनाअखेरची ओढ असेल तर मेकॅनिकला दोन भागांत पैसे चालतात का विचारा, आणि दुसरा भाग अर्ध्यावरची चाचणी तुमच्यासमोर झाल्यावरच द्या.