रजा कोणाच्या नावावर?

"पूर्ण रजा घेतली तर नोकरीत मागे पडेन, आणि लवकर रुजू झाले तर बाळाचे हाल. मी करू तरी काय?" सातवा महिना लागलेली ती बोलताना हातातल्या वहीचा कोपरा दुमडत होती. हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे कितीतरी जणी येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वहीत तिने बाळाचं पहिलं वर्ष मांडलं होतं. लसी, जागरणं, पाळणाघराची चौकशी. प्रत्येक ओळीपुढे तिचंच नाव.

"नवऱ्याला रजा मिळत नाही?"

"मिळते. पण त्याच्या ऑफिसात कोणी घेत नाही."

"उगाच काळजी करतेस" असं मी तिला म्हटलं नाही, कारण भीती खरी आहे. डेन्मार्कमध्ये रजेच्या सोयी चांगल्या आहेत. तिथेसुद्धा पहिल्या मुलानंतर बाईची कमाई पुरुषाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुढची कित्येक वर्षं मागेच राहते. बापाच्या कमाईला मात्र फारसा धक्का लागत नाही.

"म्हणजे रजाच नको घेऊ?"

नक्की घे. परतल्यावर नोकरी शाबूत राहणार असेल, तर बेताच्या रजेनंतर आया कामावर टिकतात. अडतं ते लांबलचक रजा एकट्या आईच्या वाट्याला आली की. ऑस्ट्रियाने १९९० मध्ये रजा एका वर्षावरून दोन वर्षांवर नेली, आणि आयांचं कामावर परतणंही लांबलं.

मग तिला स्वीडनचं सांगितलं. तिथे १९७४ पासून ही रजा आई-बापांपैकी कोणीही घेऊ शकत होतं, तरी ती घ्यायच्या बहुतेक आयाच. १९९५ मध्ये एक महिना असा राखून ठेवला की बापाने घेतला नाही तर तो बुडणार. तेव्हा बाप घरी थांबू लागले. त्याने पगारातली तफावत मिटली असं मी म्हणणार नाही. पण "कोणी घेत नाही" ही सबब लंगडी पडली, आणि मला तेच मोलाचं वाटतं.

पुढच्या वेळी तो सोबत आला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "साहेबांना वाटेल, याचं कामात लक्ष नाही." तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य ती कित्येक महिने एकटीच मनात घोळवत होती.

रुजू होण्याची तारीख, पद आणि पगारवाढीचा हिशोब ऑफिसकडून लेखी घ्यायचं तिने ठरवलं. त्याने वही ओढून घेतली आणि ती रुजू होईल त्या महिन्यापुढे पेन्सिलने स्वतःचं नाव लिहिलं. तिने पर्समधून पेन काढून त्याच्यापुढे धरलं.