उष्ण, पावसाळी हवामानातल्या कम्युनिटी गार्डनमधे मोठी झाडं कुठली लावावीत?

तुमची यादी वाचून हसूच आलं, राग मानू नका, कारण जवळपास अश्शीच यादी आम्हीपण केली होती. तुम्ही लिहिलंय की जागा साधारण १००० चौरस मीटर, तीसेक कुटुंबं, आणि हवंय काय तर दोन आंबे, दोन फणस, सहा नारळ, चिंच, वड, रेन ट्री, गुलमोहर, आणि शिवाय प्रत्येकाला भाजीचा वाफा, तोही उन्हातला. आता नुसता हिशोब करून बघा. जागा चौकोनी धरली तर ३२ मीटर बाय ३२ मीटर. आणि मोकळ्यावर वाढलेल्या एका रेन ट्रीचा घेर ३० मीटरपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ते एकच झाड लावा आणि बाग झाली, खाली खुर्च्या टाकून बसा.

झाडं निवडताना सगळे "काय काय लावायचं" इथून सुरुवात करतात, मी म्हणेन आधी "मोठी किती झेपतील" ते ठरवा. तुमच्या जागेत खरोखर मोठी झाडं फार तर दोन. तिसरं बसतं पण मग भाजी विसरायची.

हे लोकांना नुसतं सांगून पटत नाही, प्रत्येकाचं एकेक लाडकं झाड असतं. आम्ही शेवटी एक साधा उपाय केला. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना जागेवर बोलावलं, जिथे झाड लावायचं म्हणत होते तिथे खुंटी ठोकली आणि दोरीने पूर्ण वाढलेल्या झाडाचं वर्तुळ चुन्याने आखलं. आंब्याला १० मीटर व्यास, फणसाला साधारण ८, असं. चौथं वर्तुळ आखेपर्यंत अर्धी बाग पांढरी झाली आणि जे काका वडासाठी भांडत होते ते स्वतःच म्हणाले की राहू द्या. तुम्ही हे कराच, दोन तास लागतात आणि वीस वर्षांची भांडणं वाचतात.

दुसरी गोष्ट ऊन. बागकामाची बरीचशी पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतले असतात, त्यात सांगतात उंच झाडं उत्तरेला लावा म्हणजे भाजीवर सावली पडत नाही. तिकडे सूर्य कायम दक्षिणेकडून असतो म्हणून ते बरोबर आहे. पण कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या मधल्या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, ते शून्य सावलीचे दिवस, आणि त्या दोन दिवसांच्या अलीकडे-पलीकडे तो बाजू बदलतो. विषुववृत्तावर तर सहा महिने उत्तरेला, सहा महिने दक्षिणेला. त्यामुळे उत्तर-दक्षिण करत बसू नका, इथे महत्त्वाची दिशा पूर्व-पश्चिम. पूर्वेची बाजू मोकळी ठेवा, सकाळचं कोवळं ऊन भाजीला मिळू दे, आणि मोठी झाडं पश्चिमेच्या कडेला लावा म्हणजे दुपारी तीननंतरचं जे जाळणारं ऊन असतं ते झाडं अंगावर घेतात. उष्ण भागात पालेभाजी आणि टोमॅटोला ही दुपारची सावली उलट आवडते.

आता झाडांबद्दल. पहिला प्रश्न, तुमच्याकडे सलग कोरडे महिने किती? हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावर आहे. दोन-तीन महिने स्वच्छ कोरडे मिळत असतील तर आंबा घ्या, डोळे झाकून. पण बारा महिने पाऊस असेल तर आंबा फसवतो, झाड हिरवंगार होतं, छान सावली देतं पण मोहोर यायला त्याला कोरडा किंवा थोडा गार काळ लागतो, आणि आलाच तर ओल्या हवेत करपा (बुरशीचा रोग) पडून काळा होऊन गळतो. आंबा लावताना कलमाचंच रोप घ्या. कलमाला तीन ते पाच वर्षांत फळ धरतं, कोयीच्या झाडाला त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो आणि फळ कसं निघेल ते नशीब. शिवाय कलमाचं झाड लहानपणापासून छाटून आटोक्यात ठेवता येतं, शिडी न लावता हाताला फळ येईल इतकं. सार्वजनिक बागेत याची किंमत नंतर कळते, कारण उंच शिडीवर कोण चढणार आणि पडला तर जबाबदार कोण यावर एक मीटिंग होतेच.

बारमाही पाऊस असेल तर फणस किंवा नीरफणस (इंग्रजीत ब्रेडफ्रूट). फणसाला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, मुळं कुजतात आणि भलं मोठं झाड एका मोसमात वाळतं, म्हणून उताराच्या वरच्या अंगाला लावा. आणि शक्य असेल तर बी थेट जागेवरच लावा, सोटमूळ दुखावलेलं त्याला सहन होत नाही. एक फायदा असा की फणस खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतो त्यामुळे बरीच फळं खालूनच काढता येतात, एकेक फळ वीस-तीस किलोचं होतं हे मात्र लक्षात ठेवून बाक दुसरीकडे ठेवा.

नीरफणस माझा लाडका, म्हणून जरा विषय सोडून लिहितो. त्याच्या खाण्याच्या बहुतेक जातींना बियाच नसतात, मुळापासून फुटलेल्या फुटव्यांवरून किंवा मुळांच्या कलमावरून रोप करावं लागतं. इंग्रजांना ते कॅरिबियन बेटांवर न्यायचं होतं, बिया नाहीत म्हणून ताहितीहून जहाजावर कुंड्यांमधे जिवंत रोपं, हजारावर, आणि त्यांना रोज गोडं पाणी. १७८९ साली बाउंटी जहाजावर बंड झालं आणि बंडखोरांनी ती सगळी रोपं समुद्रात फेकून दिली. त्या जहाजाचा कॅप्टन ब्लाय जिवंत परतला, पुन्हा गेला आणि १७९३ मधे रोपं पोचवली. मला कोणी म्हणालं की नर्सरीतून रोप आणायचा कंटाळा येतो की मी हे सांगतो.

नारळ सहा नको. एक किंवा दोन, आणि ते कुंपणाच्या अशा कोपऱ्यात जिथे कोणी बसत नाही, मुलं खेळत नाहीत, गाड्या लावत नाहीत. उंच जातीचं झाड वीस-पंचवीस मीटर जातं आणि तेवढ्यावरून पडलेला नारळ काय करतो हे सांगायला नको. नुसता नारळच नाही, वाळलेली झावळीपण जड असते. लावायचाच असेल तर बुटकी जात घ्या, तीन-चार वर्षांत धरते आणि निदान पहिली बरीच वर्षं हाताच्या टप्प्यात राहते. मुळांचा मात्र त्रास नाही, तंतूसारखी असतात, भिंतीबिंती फोडत नाहीत.

भिंती फोडतो तो वड, पिंपळ, उंबर ही सगळी मंडळी. मला स्वतःला वड फार आवडतो, पण हजार चौरस मीटरमधे नाही. पाण्याच्या शोधात त्याची मुळं कुठल्या कुठे जातात, पाईपच्या सांध्यात शिरतात. पक्ष्यांनी टाकलेल्या बिया तुमच्या शेडच्या भेगेत उगवल्या तर बोटाएवढ्या असतानाच काढा.

गुलमोहराबद्दल आमचा अनुभव सांगतो. आम्ही घाईघाईत मोठं दिसणारं रोप आणलं, चांगलं आठ-नऊ फूट उंच, काळ्या पिशवीतलं. उद्घाटनाच्या फोटोत मस्त दिसलं. सातव्या-आठव्या वर्षी वादळी पावसात मुळासकट आडवं झालं, अवजारांच्या शेडवर. सुदैवाने आत कोणी नव्हतं. जवळ जाऊन बघितलं तर मुळं अजून पिशवीच्या आकारात!! गोल गोल गुंडाळलेली, जणू काल पिशवी फाडलीय. बाहेर फारशी गेलीच नव्हती. गुलमोहराची मुळं तशीही उथळ असतात, त्यात हे. नर्सरीची चूक म्हणा पण लावताना आम्ही पण बघितलं नाही, पिशवी फाडली आणि खड्ड्यात ठेवलं. तेव्हापासून नियम असा की रोप दोन-तीन फुटांचंच घ्यायचं, पिशवी काढली की मुळं बघायची, गोल फिरलेली असतील तर मोकळी करायची किंवा धारदार चाकूने कापायची, आणि फारच गुंता असेल तर रोप परत. लहान रोप दोन-तीन वर्षांत मोठ्याला गाठतं. वाऱ्याची भीती असेल तर चिंच चांगली, हळू वाढते पण पकड घट्ट असते.

मोठी झाडं सावकाश वाढणार, तोपर्यंत लोकांचा उत्साह टिकायला हवा ना, त्यासाठी पहिल्याच पावसात केळी, पपई, शेवगा, तूर लावून टाका. तूर दोन-तीन वर्षं राहते, जमिनीत नत्र धरते आणि कोवळ्या कलमांना उन्हापासून आडोसा देते, काम झालं की कापून तिथेच अंथरायची. केळ हे खरं तर झाड नाहीच, प्रचंड मोठं गवतासारखं रोप आहे, एका बुंध्याला एकदाच घड येतो आणि मग तो बुंधा संपला, कापून टाकायचा. नव्या लोकांना हे माहीत नसतं, ते कापलेल्याला पुन्हा घड येईल म्हणून वर्षभर वाट बघतात. प्रत्येक गड्ड्याला एक घडाचा, एक अर्धा वाढलेला आणि एक लहान पील (बुडातून फुटलेला कोंब), एवढेच ठेवा, बाकीचे पील काढा, नाहीतर रान होतं. हात धुवायच्या नळाचं पाणी जिथे जातं तिथे पसरट खड्डा खणून त्यात पालापाचोळा भरायचा आणि काठाने केळी लावायच्या, हे आमच्याकडे सगळ्यात यशस्वी झालेलं काम, वेगळा कंपोस्टचा ढीग लागतच नाही.

पपईचं एक. बीपासून आलेल्या रोपात नर कोण मादी कोण ते फूल येईपर्यंत कळत नाही, कोणी "मादीच आहे" म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा. एका खड्ड्यात तीन-तीन रोपं लावायची, फुलं आली की लांब लोंबणाऱ्या तुऱ्यांची ती नर, खोडाला चिकटून एकेकटं जाड बुडाचं फूल ती मादी, मग एक ठेवून बाकीची काढायची, दहा माद्यांमागे एखादा नर राहू द्या. उभयलिंगी जातीचं बी मिळालं तर ही भानगड कमी. पाणी साचलं की पपई दोन दिवसांत मान टाकते, म्हणून उंचवट्यावर.

शेवगा पहिल्या वर्षातच तीन मीटरच्या वर जातो, लाकूड मात्र काडीसारखं मोडतं, दरवर्षी छातीच्या उंचीला छाटा म्हणजे पाला आणि शेंगा हाताशी. कुंपणाला ग्लिरिसिडिया, फांदी खोचली की फुटते आणि पाला खत म्हणून वापरता येतो. सुबाभूळ कोणी फुकट देत असेल तरी घेऊ नका, जगातल्या सगळ्यात उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे, बी पडलं की निघत नाही. त्याच यादीत तो नारिंगी फुलांचा आफ्रिकन ट्युलिपपण आहे, दिसायला कितीही देखणा असला तरी. पिवळी कण्हेर लहान मुलं येतात त्या बागेत नकोच, बी विषारी असतं.

आणि लिंबू लावणार असाल तर शेजारी कुंतीचं कुंपण करू नका. लिंबाला ग्रीनिंग रोग पसरवणारा जो सिला नावाचा बारीक किडा आहे तो कुंतीवर मजेत राहतो, कढीपत्त्यावर पण. कढीपत्ता हवाच असेल तर बागेच्या दुसऱ्या टोकाला.

मुळांचं राहिलंच. झाडाची मुळं खूप खोल जातात असं आपल्याला वाटतं, खाणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात आणि घेराच्या बाहेरपर्यंत पसरतात. म्हणून झाडाखाली टोमॅटो लावून "खत घालूनपण येत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. तिथे हळद, आलं, अळू. पालापाचोळा जाळू नका, आळ्यात टाका, फक्त खोडापासून वीतभर लांब, बुंध्याला चिकटून ढीग केला की साल कुजते. उष्ण ओल्या हवेत तो भराभर कुजून संपतो त्यामुळे वर्षातून दोन-तीनदा नवा थर लागतो.

लावायची वेळ पावसाच्या सुरुवातीला, हे माहीत असेलच. पण पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी कोण घालणार ते नावं लिहून ठरवा. "सगळे मिळून" असं ठरलं की कोणीच घालत नाही, आमची पाच कलमं अशीच गेली. आता प्रत्येक मोठ्या झाडाला दोन कुटुंबं नेमलेली आहेत, छाटणीपण त्यांच्याकडे.

तर तुमच्या जागेला माझं मत: पश्चिमेला एक आंबा किंवा नीरफणस, त्यापासून लांब एक फणस नाहीतर चिंच, कोपऱ्यात एक बुटका नारळ, बाकी लिंबू-पेरूसारखी लहान झाडं आणि केळी-पपई. कोरडे महिने किती, पाणी कुठे साचतं आणि जमिनीखालून पाईप कुठून जाते एवढं कळवा, मग आंबा की नीरफणस ते नक्की सांगतो.